कडी अडकण्याबाबत

आजोबांना दोन जिने चढले की दम लागायचा. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि दुसऱ्या मजल्यानंतर जिना जिथं वळतो तिथं एक मोठी खिडकी होती. खिडकीला चांगला रुंद कट्टा होता. नातीला शाळेतून घेऊन येताना आजोबा रोज त्या कट्ट्यावर टेकायचे, तिचं दप्तर मांडीवर घ्यायचे आणि श्वास जागेवर येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. कट्ट्याचं आणि दमाचं हे एवढं वर्णन सुरुवातीलाच केलं, कारण पुढं जे काही झालं ते आजोबांचा दम गेल्यामुळे नव्हे, तर परत आल्यामुळे झालं.

नात दुसरीत होती. घरात तिला मुंगी म्हणत. नाव पडलं ते तिच्या खिशांवरून. पेन्सिल तासल्याच्या चकत्या, तुटलेलं बटण, कुणाच्या तरी पतंगाचा दोरा, असं काहीबाही वाटेत सापडेल ते उचलून ती घरी वाहून आणायची.

एक दिवस कट्ट्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "आजोबा, मला एक काळजी आहे. पण बारीक आहे."

"हं," आजोबा म्हणाले. त्यापेक्षा मोठा शब्द छातीतून निघण्यासारखा नव्हता.

"आमच्या बाईंच्या खुर्चीचा एक पाय हलतो. त्यांना माहीतच नाही."

"खरंय."

"मला माहितीये आणि त्यांना नाही."

"मग?"

मुंगीनं विचार केला. "मग काही नाही," असं म्हणून तिनं कट्ट्यावरून उडी मारली आणि वरचा जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून गेली.

तेव्हापासून तो नेमच झाला. रोज एक बारीक काळजी. बूट घालताना नेहमी उजवा आधी घालते, तर डाव्याला वाईट वाटत असेल. आईचं चित्र काढलं त्यात एक हात लांब झालाय, आईला वाटेल मुद्दाम काढला. दात हलतोय, तो झोपेत गिळला गेला तर पोटात चावेल. आजोबांचं उत्तर ठरलेलं. हं, खरंय, मग? आणि मुंगीचा शेवटही ठरलेला: मग काही नाही. ती उडी मारून वर जायची आणि त्या काळजीचा पुन्हा कधी उल्लेख व्हायचा नाही.

मोठ्या माणसांना अशा गोष्टी हसण्यावारी न्याव्याशा वाटतात. साखरेचा दाणा तुम्हाआम्हाला दाणाच वाटतो; पण तो तोंडात धरून भिंत चढायची वेळ आपल्यावर येत नाही. मूल आपल्याला दाणा दाखवतं तेव्हा तो आपण उचलावा असं त्याला वाटत नसतं. त्याचा दाणा आहे, आणि तो जड आहे, एवढं कुणीतरी बघावं म्हणून ते दाखवतं. आजोबांना हे ठाऊक नव्हतं. पण ते दमलेले असत, त्यामुळे चालून जात होतं.

आजोबांचा समज मात्र निराळा होता. शेजारचे वकील चहाला आले की आजोबा खुर्चीत मागे रेलून सांगायचे, "मुलांचं ऐकून घेण्याची एक कला असते, वकीलसाहेब. ती सगळ्यांना साधत नाही."

एकदा आजी आतून म्हणाल्या, "कला कसली! दम लागतो म्हणून गप्प बसता. दम नसता, तर त्या पोरीला एक वाक्य तरी पुरं करू दिलं असतंत का?"

आजोबांना हे फार लागलं. दुसरा कप घेणार नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण चहा ओतून झाला होता आणि निवून गेला असता, म्हणून घेतला.

त्याच सुमारास डॉक्टरांनी आजोबांना रोज सकाळी चालायला सांगितलं. वकीलसाहेब सोबतीला आले. त्यांची वकिली कधी फारशी चालली नाही, पण पाय उत्तम चालत, आणि तोंड त्याहून. दोघं बागेला फेऱ्या मारू लागले. थंडी संपता संपता आजोबा तिसऱ्या मजल्यापर्यंत सलग चढून जाऊ लागले. कट्ट्यावर बसायची गरज उरली नाही. पण मुंगी सवयीनं बसायची, म्हणून तेही बसायचे. श्वास आता शिल्लक होता, आणि शिल्लक राहिलेली गोष्ट माणूस कुठंतरी खर्च करतोच.

अशाच एका दुपारी मुंगी म्हणाली, "आजोबा, आजची काळजी जरा मोठी आहे. म्हणजे बारीकच, पण जरा मोठी."

"सांग की."

"आमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमची कडी आहे ना, ती अडकते. मला भीती वाटते की मी आत अडकेन, आणि घंटा होईल आणि सगळे घरी जातील. म्हणून मी पाणीच प्यायचे नाही. पण आता..."

"पाणी पीत नाहीस?" आजोबा ताडकन उभे राहिले. दप्तर खाली पडलं. बाहेर घरंगळलेली पाण्याची बाटली त्यांनी उचलून उजेडात धरली. अजून निम्मी भरलेली होती. "दिवसभर? या उन्हात?"

"अहो, पण पुढचं ऐका ना आजोबा..."

"पुढचं आता मी बघतो," आजोबा म्हणाले.

आजोबांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती, आणि निवृत्त होताना ते हेडक्लार्क होते. गावाला पाणी पुरवण्यात ज्यानं हयात घालवली त्याचीच नात तहानलेली राहते, हे त्यांना व्यक्तिशः अपमानासारखं वाटलं.

वर गेल्या गेल्या त्यांनी आजींना हकिकत सांगितली. आजी म्हणाल्या, "मला वाटलंच. बाटली मध्यंतरी जड यायची, पण आठवडाभर बरी हलकी येतेय. आणि कडी अडकत असेल तर शाळेतल्या मावशींना सांगा, थेंबभर तेल सोडतील."

"तेल!" आजोबांनी चष्मा काढला. "उद्या पुन्हा अडकली तर? परवा दुसऱ्या शाळेत अडकली तर? तेल हा उपाय नव्हे. हा विषय रीतसर मार्गी लागला पाहिजे."

बाटली हलकी येतेय हे आजींचं वाक्य त्यांच्या कानावरून गेलं. तेव्हाच ते कानात शिरलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

आजोबांच्या मते कुठलीही गोष्ट जगात खरोखर असायला तिचा अर्ज असावा लागतो, आणि अर्जावर आवक शिक्का असावा लागतो. त्यांनी कागद घेतला, समास आखला आणि लिहिलं: विषय, मुलींच्या प्रसाधनगृहाची कडी अडकण्याबाबत. मग विषयाला न्याय द्यायचा म्हणून पुढं पानभर लिहिलं. वकीलसाहेबांनी तो वाचून एक-दोन ठिकाणी 'तरी' घातला, आणि खाली 'प्रत माहितीसाठी: शिक्षण खाते' अशी ओळ टाकायला लावली.

"ती कशाला?" आजोबांनी विचारलं.

"धाक म्हणून हो. पाठवायची कुठं आहे खरोखर?"

पण जी ओळ लिहिली ती पाळली नाही, असं आजोबांच्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं. प्रत त्यांनी स्वतः टपालात टाकली.

मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या. आजोबांनी तोंड उघडताच म्हणाल्या, "अहो, एवढंच ना? सुतार आज शाळेतच आहे, बाकं ठोकतोय. आत्ता पाठवते. मधल्या सुट्टीच्या आत होऊन जाईल."

इथं कुणीही शहाणा माणूस उठून नमस्कार करून घरी आला असता. आजोबांनी पिशवीतून अर्ज काढून टेबलावर ठेवला.

"हे कशाला? तोंडी सांगितलंत, पुष्कळ झालं."

"तोंडी नको, बाई. तोंडी बोललेलं राहत नाही. यावर तारीख घालून शिक्का द्या."

बाईंनी अर्ज वाचला. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठ्या येत गेल्या. 'प्रत माहितीसाठी' पर्यंत पोचल्यावर त्यांनी अर्ज हळूच खाली ठेवला आणि सुताराला बोलावून आणायला गेलेल्या शिपायाला परत बोलावलं.

"आता मला हात लावता येत नाही," त्या म्हणाल्या. "वर प्रत गेलीय. खात्याचा माणूस येऊन बघेपर्यंत कडी आहे तशीच ठेवावी लागेल. नाहीतर उद्या म्हणतील, शाळेनं गुपचूप बदलली."

"अगदी बरोबर," आजोबा म्हणाले. आपल्या विषयाला इतक्या गांभीर्यानं घेतलेलं पाहून त्यांना भरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या दारावर एक चिठ्ठी लागली: चौकशी चालू, कडीस हात लावू नये. म्हणजे आता आत गेल्यावर कडी लावणंही बंद. मुली दार हातानं धरून बसू लागल्या. दुपारी मुंगीची बाटली चांगलीच जड होती. आजोबांनी ती हातात तोलली आणि तिची समजूत घातली, "थोडे दिवस कळ काढ. काम वरच्या पातळीवर गेलंय."

"पण आजोबा, मी तुम्हाला सांगत होते की आम्ही..."

"सगळं होणार. तू काळजी करू नकोस."

तू काळजी करू नकोस! दमलेल्या आजोबांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. मुंगी कट्ट्यावरून उतरली, पण त्या दिवशी तिनं उडी मारली नाही. एकेक पायरी चढून गेली.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरचे बँकवाले म्हणाले, कडी काढूनच टाका, पडदा लावा. बँकवाल्यांच्या बायको म्हणाल्या, पोरीला एखादं शौर्याचं पुस्तक वाचायला द्या, भीती मनात असते. वकीलसाहेब रोज सकाळी बागेत एक नवा मुद्दा काढायचे. कडीची व्याख्या काय, इथपर्यंत ते पोचले होते. मुंगीला कुणीच काही विचारलं नाही. तिची आई एकदा म्हणाली, "बाबा, राहू दे ना आता. शाळेत उगीच तिच्याकडे बघतात सगळे." त्यावर आजोबा म्हणाले, "बघू देत. बघण्यासारखंच काम आहे."

अखेर खात्याचा निरीक्षक आला. बारीक चणीचा, गळ्यात मफलर, आणि हातात टेप. त्यानं आधी दार मोजलं, मग भिंत मोजली, मग काही कारण नसताना व्हरांडा मोजला. मागे मुख्याध्यापिका बाई, सुतार, शाळेतल्या मावशी, अर्जदार म्हणून आजोबा आणि अर्जदारातर्फे वकीलसाहेब. वकीलसाहेबांनी कपाटातला काळा कोट काढला होता. कोट जुना होता आणि वकीलसाहेबही जुने होते, पण कोट तेवढा रुंद झालेला नव्हता.

"कडी लावून दाखवा," निरीक्षक म्हणाला.

सुतारानं कडी लावली. लागली. काढली. निघाली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. लोण्यातून सुरी फिरावी तशी ती सरकत होती. निरीक्षकानं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी कडीकडे पाहिलं. भरल्या सभेत आपल्याला ओळख न देणाऱ्या जुन्या सहकाऱ्याकडे बघावं तसं ते बघत होते.

"ही अडकते म्हणता?"

"दार उघडं असताना नाही अडकत. आत माणूस असला की अडकते."

"कडीला कसं कळतं, आत कोण आहे ते?" सुतारानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मग मात्र आजोबांचा स्वाभिमान डिवचला गेला. "थांबा," ते म्हणाले. त्यांनी चपला काढून दाराशी नीट ठेवल्या, मुलींच्या बाथरूममध्ये पाऊल टाकलं, दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली.

मग आतून खडखड आली. मग जोरात खडखड. मग आजोबांचा आवाज, आणि त्यात विजयाचा आनंद ओसंडून वाहत होता: "अडकली! नोंद घ्या! अडकली आहे!"

"घेतली," निरीक्षक म्हणाला. "आता या बाहेर."

"कसा येऊ? अडकली आहे ना!"

सुतारानं पटाशी काढली. निरीक्षकानं हात आडवा केला. दार हा पुरावा आहे, तो म्हणाला, पंचनामा झाल्याशिवाय त्याला धक्का लावता येणार नाही. वकीलसाहेब पुढं सरसावले आणि म्हणाले, दार हा पुरावा नाही, कडी हा पुरावा आहे, दार हे केवळ पुराव्याचं निवासस्थान आहे. निरीक्षक म्हणाला, असं कुठं लिहिलंय? वकीलसाहेब म्हणाले, नाही असं कुठं लिहिलंय? वाद चांगला रंगला. आतून आजोबाही अधूनमधून मुद्दे पुरवत होते.

तेवढ्यात घंटा झाली. शाळा सुटायची घंटा.

वर्गावर्गांतून पोरं ओरडत बाहेर पडली. आजोबांना आतून शेकडो पावलं धावत येताना ऐकू आली, मग धावत लांब जाताना. भिंतीत वर एक लहानसा झरोका होता, त्यातून उजेडाची एक पट्टी पडली होती. बाहेरचा वाद क्षणभर थांबला, आणि सगळे आपल्याला विसरून निघून गेले की काय असं आजोबांना वाटलं. कडीच्या त्या इवल्याशा लोखंडाकडे बघता बघता घशाला कोरड पडली. आजोबांनी ती भीती ओळखली असती तर बरं झालं असतं. पण ती त्यांना शोभण्यासारखी नव्हती, म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि दाराला तोंड लावून ओरडले, "वेळेचीही नोंद घ्या!"

शेवटी सुतारानं कुणाला न विचारता बिजागऱ्या काढल्या आणि दार अलगद उचलून बाजूला ठेवलं. आजोबा अनवाणी बाहेर आले. तोवर व्हरांडाभर पोरं जमली होती. टाळ्या पडल्या. चपला कुणाच्या तरी पायांनी लांब गेल्या होत्या.

निरीक्षकानं कागद पुढं घेतला. "ज्या विद्यार्थिनीची तक्रार आहे, ती कोण?"

"मुंगी!" आजोबांनी हाक मारली. "ये बाळ, पुढं ये. घाबरू नकोस. सांग यांना."

ती गर्दीच्या कडेला उभी होती, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. पुढं आली. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"तू किती वेळा अडकलीस आत?" निरीक्षकानं विचारलं.

मुंगीनं आजोबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "एकदापण नाही."

"म्हणजे?"

"अडकले नाही कधी. काळजी वाटायची."

"साक्षीदार फुटली," वकीलसाहेब आजोबांच्या कानात म्हणाले.

निरीक्षकानं रकाना बघितला. काळजीसाठी त्यात जागा नव्हती. त्यानं 'निरंक' असं लिहिलं.

तरीही आजोबा जिंकले. दार आता उतरवलेलंच होतं, म्हणून नवीन दार आलं. नव्या दाराला नवी, चकचकीत कडी आली. खात्याकडून अहवाल आला, त्यात म्हटलं होतं की मुली घोळक्यानं दाराशी थांबतात, दार ढकलतात, त्यामुळे कडीवर ताण पडतो. सबब एका वेळी एकाच विद्यार्थिनीनं जावं, बाहेर कुणीही थांबू नये, आणि मावशींनी लक्ष ठेवावं. या मजकुराची रंगवलेली पाटी व्हरांड्यात लागली. आजोबांनी वकीलसाहेबांना मुद्दाम शाळेपर्यंत नेऊन फाटकातून ती पाटी दाखवली. दोघांनी काही वेळ कौतुकानं ती वाचली.

मुंगीला शाळेत आता सगळे 'कडी' म्हणत. "कडी आली रे, कडी आली!" हे आजोबांनी फाटकाशी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पोरं आहेत, विसरतील, असं ते मनाशी म्हणाले.

कट्ट्यावर ते अजून बसत.

"काय मग, आजची बारीक काळजी?"

"काही नाही आजोबा."

"नवी कडी बरी आहे ना?"

"हो."

"अडकत नाही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशीही काही नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही. मुंगी समोरच्या भिंतीकडे बघत बसायची आणि आजोबा मुंगीकडे. बाटली मात्र आता रोज काठोकाठ भरलेली परत यायची. आजी ती मोरीत ओतायच्या. काही बोलायच्या नाहीत, पण ओतताना आजोबा बघत असतील अशा बेतानं ओतायच्या.

मग एका दुपारी आजोबा शाळेशी लवकर पोचले. फाटकाजवळ मुंगीची मैत्रीण उभी होती, दोन घट्ट वेण्यांची. कुणीतरी न्यायला येईल म्हणून वाट बघत होती. आजोबांनी तिला विचारलं, "काय गं, तुमची मुंगी शाळेत पाणी का पीत नाही? कडी तर चांगली केली की आता."

वेण्यांवालीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, या मोठ्या माणसाला इतकी सोपी गोष्ट कशी कळत नाही. "एकटीनं जायला लागतं ना," ती म्हणाली. "आधी आम्ही दोघी जायचो. ती आत गेली की मी बाहेर गाणं म्हणायचे, मोठ्यानं. म्हणजे तिला कळायचं मी आहे. मग मी आत, ती बाहेर. मग ती पाणी प्यायला लागली होती. आता मावशी एकेकीलाच सोडतात. बाहेर कुणी थांबायचं नाही, पाटी लागलीये."

"हे... हे तुम्ही कधी ठरवलं होतं?"

"लई आधी! तिला फक्त एवढीच काळजी होती, की मी आजारी पडले तर काय. ते ती तुम्हाला सांगणार होती. सांगितलं नाही तिनं?"

पण आता... पुढचं ऐका ना आजोबा.

आजोबा फाटकाचा गज धरून उभे राहिले. मुंगीनं आपला दाणा आपणच उचलला होता. तिनं त्यासाठी सोबत शोधली होती, युक्ती काढली होती, गाणं ठरवलं होतं. उरला होता एक कण, आणि तेवढाच ती दाखवायला आली होती. हं, खरंय, मग? एवढ्यावर भागलं असतं. ती उडी मारून वर गेली असती.

ते तडक मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "बाई, ती पाटी तेवढी काढा. दोघी दोघींना जाऊ द्या."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, आणि तेच आजोबांना जास्त जड गेलं. "साहेब, तो लेखी आदेश आहे. तुमच्याच अर्जावर आलेला. तुम्ही तोंडी सांगता म्हणून मी कसा मोडू?"

"मग लेखी देऊ?"

"द्या. पुन्हा चौकशी लागेल. पुन्हा त्या मुलीला विचारतील."

आजोबांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला होता. तो तिथंच राहिला. दारातून बाहेर पडताना त्यांनी व्हरांड्यात मावशींना गाठलं आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. मावशी पाटीकडे बघत म्हणाल्या, "बघते. कबूल काही करत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच आजोबा शिक्का न घेता परत फिरले.

मग तो मुंगीला घेऊन घरी निघाले. कट्ट्यावर बसल्यावर मुंगीनं बाटलीचं झाकण उघडलं आणि तोंडाला लावली. घटाघटा प्यायली, मध्ये श्वास घेतला, पुन्हा प्यायली. दिवसभराची तहान तिथं बसून भागवत होती. पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं. रोजच ती इतकी तहानलेली असायची का? आजोबांना आठवेना. रोज ते शेजारीच बसलेले असत, तरी आठवेना.

आजोबांच्या मनात बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

"मुंगे," शेवटी ते म्हणाले, "आज मला एक काळजी आहे."

तिनं बाटली खाली घेतली. "तुम्हाला?"

"हो. बारीकच आहे." ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "तू काहीतरी सांगत होतीस आणि मी पुढचं ऐकलं नाही. आता मला काळजी वाटते, की तू मला पुन्हा कधी काही सांगणार नाहीस."

असं नाही हो आजोबा, सांगेन की, असं ती म्हणेल असं त्यांना वाटलं. मोठ्या माणसानं तसंच म्हटलं असतं. मुंगीनं बाटलीचं झाकण लावलं, नीट पिळून लावलं, आणि बाटली मांडीवर उभी धरली.

"हं," ती म्हणाली.

आजोबा थांबले.

"खरंय," ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं आणि लागलं. कडी सरकल्याचा आवाज वरपर्यंत आला.

"मग?" मुंगीनं विचारलं.

आजोबांनी खूप शोधलं. पण पुढं काहीच नव्हतं. अर्ज करण्यासारखं नाही, दुरुस्त करण्यासारखं नाही. "मग काही नाही," ते म्हणाले, आणि कट्ट्यावरून उठायला लागले.

मुंगीनं त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. "बसा जरा," ती म्हणाली. "दम लागलाय तुम्हाला."

त्या दिवशी आजोबांना दम मुळीच लागला नव्हता. पण ते काही बोलले नाहीत. बसून राहिले.